टर्बो बसवलेली एस्टीम : नऊ महिने, ७,४०० किलोमीटर

घरची पाच माणसे घेऊन साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढताना माझी २००५ सालची मारुती एस्टीम दुसऱ्या गिअरमध्येच अडकून राहायची. तिसरा टाकला की दम सोडायची. तिचे १,२९८ सीसीचे सोळा व्हॉल्व्हचे इंजिन कागदावर ८५ अश्वशक्तीचे आहे, पण ती ताकद वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे वाढल्यावरच मिळते. शिवाय दर हजार मीटर उंचीमागे हवा विरळ होऊन साध्या इंजिनाची सुमारे दहा टक्के ताकद कमी होते, आणि कास असो की महाबळेश्वर, आमचे सहलीचे रस्ते वरच जातात. म्हणून गेल्या नोव्हेंबरात मी तिला छोटा टर्बो, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर फिरून आत जास्त हवा कोंबणारा पंखा, बसवून घेतला.

सर्वांत आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासले. चारही सिलिंडर १७० ते १७५ पीएसआयच्या दरम्यान निघाले. एखादा जरी मागे पडला असता तरी मी हा नाद तिथेच सोडला असता. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड मूळचेच ठेवल्यामुळे ०.४ बार, म्हणजे साधारण सहा पीएसआयच्या पुढे बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) न्यायचा नाही, हे आधीच ठरवले होते. भंगारातला डिझेल गाडीचा टर्बो स्वस्तात मिळत होता, परंतु पेट्रोल इंजिनातून बाहेर पडणारा वायू डिझेलपेक्षा बराच तापलेला असतो आणि पूर्ण थ्रॉटलला तो ९०० अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे तो मोह टाळला. टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, मोठे इंजेक्टर, नवा पेट्रोल पंप, बूस्ट वाचू शकणारा मॅप सेन्सर (हवेचा दाब मोजणारा) आणि इंजिन चालवणारा वेगळा संगणक, म्हणजे ईसीयू, धरून एकूण खर्च एक लाख पासष्ट हजारांवर गेला. त्यात टर्बोची स्वतःची किंमत चौथा हिस्सासुद्धा नव्हती.

२,४०० आरपीएमपर्यंत गाडी पूर्वीसारखीच वाटते. त्यानंतर बारीक शिट्टी ऐकू येते, बूस्टचा काटा शून्य ओलांडतो आणि यवतेश्वरचा जो चढ दुसऱ्यात रडतखडत जायचा, तो तिसऱ्यात एसी लावून निघतो. सपाट महामार्गावर मात्र फरक इतका थोडा जाणवतो, की केवळ पुणे-कोल्हापूर फिरणाऱ्याने एवढा खर्च का करावा, हे मला सांगता येणार नाही.

पहिला त्रास तेलाचा झाला. तीन आठवड्यांतच सिग्नलला थांबले की मागून निळा धूर येऊ लागला आणि गॅरेजवाल्याने टर्बोचे सील गेले असे सांगून नवा टर्बो सुचवला. मी स्वतः गाडीखाली शिरून पाहिले. टर्बोतून चेंबरकडे, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीकडे, तेल परत नेणारी नळी जवळजवळ आडवी बसवलेली होती आणि मध्ये तिला खोलगट बाक पडला होता. हे तेल केवळ उतारानेच परत जाते, दाबाने नाही. ते तुंबले की सील शाबूत असूनही बाहेर झिरपते. नळी तोडून सरळ उतरती बसवली, चेंबरवरचे तोंड तेलाच्या पातळीच्या वर घेतले आणि धूर थांबला. टर्बो अजून तोच आहे.

दुसरा त्रास उन्हाळ्याचा. थंडीत केलेले ट्यूनिंग एप्रिलच्या दुपारी चालले नाही. पुण्याहून येताना खंबाटकी चढत असता डब्यात खडे हलवावेत तसा आवाज आला. हे नोकिंग, म्हणजे सिलिंडरातले मिश्रण वेळेआधी आपोआप भडकणे. ते दुर्लक्षिले तर पिस्टन फुटायला वेळ लागत नाही, म्हणून पाय उचलला आणि उरलेला घाट हळू चढलो. नंतर बूस्टवरचे इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) दोन अंशांनी मागे घेतले, मिश्रणात पेट्रोल थोडे वाढवले. पिकअप किंचित घटला, तो मी मान्य केला. इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे असल्याने घाटात पाण्याचे तापमानही आता चढते राहते.

सिंथेटिक ऑइल दर पाच हजारांना बदलतो आणि घाट संपल्यावर एक-दोन मिनिटे इंजिन चालू ठेवूनच बंद करतो. अ‍ॅव्हरेज चौदावरून बारावर आले. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ गाडीतील बदलांसंबंधी आहे. काम काढण्यापूर्वी आरटीओत लेखी विचारावे आणि विमा कंपनीलाही कळवावे, नाहीतर अपघातानंतर दावा अडू शकतो.

गेल्या पंधरवड्यात पसरणी घाटात चौथ्या गिअरमध्ये आरपीएमचा काटा वर सरकला, गाडी मात्र तेवढ्याच वेगात राहिली. क्लच प्लेट घसरते आहे. नवी मागवली आहे. गिअरबॉक्स उतरवल्यावर प्रेशर प्लेटही बदलावी लागते का, ते दिसेल.