नौदलात उडायचं तर पायलटची सीट की ऑब्झर्व्हरची?

४ डिसेंबर २०२३ला तारकर्लीत नौदल दिन झाला, तेव्हा भाच्याला घेऊन गेलो होतो. डोक्यावरून विमानं गेली आणि त्या दिवसापासून त्याचं एकच पालुपद: "मामा, मला नेव्हीत पायलट व्हायचंय." आता तो रत्नागिरीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. फॉर्म भरायची वेळ आली तर त्यात आणखी एक नाव दिसलं, नेव्हल एअर ऑपरेशन्स ऑफिसर. आम्ही जुने लोक त्याला अजून ऑब्झर्व्हरच म्हणतो. गावात याबद्दल कुणालाच काही ठाऊक नसतं. मी पंधरा वर्षं नौदलात विमानांचा मेकॅनिक होतो, दोन्ही सीटवरच्या साहेबांचे पट्टे आवळून दिलेत. म्हणून लिहितो.

काम काय असतं ते आधी सांगतो, कारण खरा फरक तिथेच आहे.

एकदा रात्रीच्या सरावाला मी हेलिकॉप्टरमध्ये मागे बसून गेलो होतो. पाणबुडी शोधायचा सराव. खाली समुद्र काळा, वर आभाळ काळं, मध्ये रेघ म्हणून नाही. हेलिकॉप्टर पाण्यावर एका जागी स्थिर ठेवायचं आणि केबलने सोनार, म्हणजे आवाजावरून पाण्याखालचं शोधणारं यंत्र, पाण्यात सोडायचं. वारा ढकलत असतो, पण केबल सरळच राहिली पाहिजे. पायलटची नजर मापकांवरून हलत नव्हती, हात मात्र सारखे बारीक बारीक हलत होते. ऑब्झर्व्हर पडद्याकडे बघत कानाने पाणी ऐकत होता. व्हेलचा आवाज कुठला, मालवाहू जहाजाच्या पंख्याचा कुठला, आणि आपल्याला हवा तो कुठला, हे त्याने ठरवायचं. पुढची डुबकी कुठे मारायची तेही तोच सांगणार. आपल्याकडे ट्रॉलरवर सुकाणू कुणाच्याही हातात असलं तरी जाळं कुठे टाकायचं ते तांडेलच बोलतो ना, तसंच काहीसं.

पी-८आय या लांबवर टेहळणी करणाऱ्या विमानात तर हे आणखी ठळक दिसतं. अरक्कोणम आणि गोव्याच्या हंसा तळावरून ही विमानं तासन्‌तास समुद्रावर फिरतात. पायलट पुढे, आणि मागे पडद्यांच्या रांगेसमोर ऑब्झर्व्हर. रडार, पाण्यातला आवाज टिपायला वरून टाकलेले सोनोबॉय, हत्यारं, सगळं तिथून चालतं. ऑब्झर्व्हर म्हणजे पायलट होता आलं नाही म्हणून बसवलेला माणूस, हा समज मला मनापासून खटकतो. त्या विमानाचं निम्म्याहून जास्त काम मागेच होतं.

मात्र लढाऊ विमानाच्या ओढीने जाणाऱ्याने एक ध्यानात ठेवावं. नौदलात मिग-२९के या लढाऊ विमानाच्या स्क्वाड्रन, म्हणजे तुकड्या, मोजक्याच आहेत. बहुतेक पायलट हेलिकॉप्टरवर किंवा डॉर्नियर या छोट्या टेहळणी विमानावर जातात, आणि कुठे जायचं ते आपल्या एकट्याच्या मर्जीवर नसतं. मला विचाराल तर त्यात कमीपणा काहीच नाही. मे २०२१च्या तौक्ते वादळात पी-३०५ बार्जवरून, म्हणजे समुद्रातल्या कामगारांच्या तरंगत्या वस्तीवरून, १८६ माणसं वाचली, त्या बचावकार्यात जहाजांच्या जोडीला कुलाब्याच्या शिक्रा तळावरची सी किंग हेलिकॉप्टरंही होती. तसल्या वाऱ्यात दोराला लटकलेला माणूस वर घेणं म्हणजे काय, हे त्या दिवसांत कोकणात पत्रे उडताना पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको.

प्रवेशाची वाट दोघांची सारखीच. शॉर्ट सर्व्हिस कमिशनला, म्हणजे ठरावीक वर्षांच्या अधिकारीपदाला, बी.ई. किंवा बी.टेक.ला ६० टक्के हवेत, पदवीच्या गुणांवर निवड होऊन एसएसबीचं, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाच्या मुलाखतीचं, बोलावणं येतं. पायलटला पुढे कॉम्प्युटरवरची वैमानिक चाचणी असते. ती आयुष्यात एकदाच देता येते, नापास झालात की पायलटचं दार कायमचं बंद. उंचीही १६२.५ सेंटिमीटर लागते, पायांची लांबी मोजतात, डोळ्यांचे नियम कडक. प्रशिक्षण दोघांचं केरळात एळिमलाच्या नौदल अकादमीत सुरू होतं. नंतर पायलट हवाई दलाच्या किंवा नौदलाच्या उड्डाण प्रशिक्षणाला जातो, ऑब्झर्व्हर कोचीला.

मुलींनाही दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. नौदलाला पहिली महिला पायलट डिसेंबर २०१९मध्ये मिळाली.

पगारात फरक शोधू नका. महिन्याचं मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून, वर मिलिटरी सर्व्हिस पे १५,५००, आणि फ्लाइंग अलाउन्सही दोघांना सारखाच. जोखीमही वाटून घेतलेली. २६ नोव्हेंबर २०२०ला गोव्याजवळ मिग-२९के समुद्रात कोसळलं. घरच्यांशी हे बोलून घ्या, आईपासून लपवू नका.

फरक पडतो तो बाहेर आल्यावर. नोकरी ठरावीक वर्षांचीच, वाढवून मिळाली तरी जास्तीत जास्त चौदा, आणि पेन्शन नाही. तोवर वय पस्तिशीच्या आसपास. पायलटच्या गाठीला उड्डाणाचे तास असतात, परीक्षा देऊन नागरी परवाना काढता येतो. डॉर्नियरवाल्याला विमान कंपनीची वाट त्यातल्या त्यात सोपी. हेलिकॉप्टरवाल्याला मुंबई हायसारखी तेलक्षेत्रातली कामं असतात, पण मोठ्या विमानावर जायचं तर बरंच नव्याने शिकावं लागतं. ऑब्झर्व्हरच्या विद्येला असा तयार परवाना नाही. त्याला संरक्षण उद्योग, ड्रोन किंवा व्यवस्थापनाकडे वळावं लागतं. इथे पायलटचं पारडं जड आहे, ते मी झाकणार नाही.

घराजवळ राहायचा हट्ट असेल तर रत्नागिरीच्या विमानतळावर तटरक्षक दलाचा हवाई तळ आहे. त्यांची परीक्षा वेगळी, आणि बदली तिथेही चुकत नाही.

भाच्याला मी एकच विचारलं, बाबांबरोबर रात्री बोटीवर जातोस तेव्हा कुठे असतोस? म्हणाला, "फिश फाइंडरसमोर." म्हणजे मासे कुठे आहेत ते दाखवणाऱ्या पडद्यासमोर. मग ऑब्झर्व्हरची ओळही भर म्हटलं. पायलटची भरायचीच असेल तर ती एकदाची चाचणी घाईत देऊ नकोस. चष्मा त्याला नाही, पण डोळे अजून कुणी नीट तपासलेलेही नाहीत. सोमवारी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जातोय. पसंतीक्रम त्यानंतर लिहू.