एव्हीएस-9 नाइट व्हिजन गॉगल: हेलिकॉप्टरवाल्याचा रिव्ह्यू

गॉगल लावला की रात्रीचा दिवस होतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा अमावस्येला ढगाळ हवेत लावून बघावा. हा गॉगल आहे तोच उजेड वाढवून दाखवतो, चंद्राचा असो की चांदण्यांचा, पण मुळात थोडा तरी लागतोच, नाहीतर हिरव्या चित्रात नुसते ठिपके वळवळत राहतात.

चंद्र असेल तर मात्र माल एक नंबर. नदी, रस्ता, झाडी, सगळं स्वच्छ. पण दिसतं फक्त 40 अंशात, उघड्या डोळ्यांना आडवं जवळपास 200 अंश दिसतं, म्हणजे मान सारखी इकडून तिकडे फिरवायची आणि तीही पुढे अर्ध्या किलोच्या वर वजन लटकवून. तोल साधायला हेल्मेटच्या मागे अजून वजन लावतात, भार वाढतो तो वाढतोच, लांब सॉर्टीनंतर (म्हणजे उड्डाणानंतर) मान धरते. कडेचं दिसत नसल्यामुळे हॉवरमध्ये, म्हणजे हवेत एका जागी थांबताना, आपण जागेवर आहोत असं वाटतं आणि मशीन हळूच सरकत असतं.

तारांचं तर विचारूच नका. हाय टेन्शनची तार दिसेल या भरवशावर राहायचंच नाही, खांब शोधायचे. आणि एक गोष्ट नव्या पोरांना कोणी नीट सांगत नाही, टॉवरवरचे काही लाल एलईडी दिवे या गॉगलमधून दिसतच नाहीत! कॉकपिटच्या दिव्यांनी चित्र फुटू नये म्हणून लेन्सवर फिल्टर असतो, या एलईडीचा लाल रंग नेमका त्यातच अडकतो. म्हणून मधूनमधून गॉगलखालून उघड्या डोळ्याने बाहेर बघायचं, सवयच लावून घ्या.

अपाचे या लढाऊ हेलिकॉप्टरच्या एका डोळ्यावरच्या डिस्प्लेशी तुलना करायची तर मला गॉगलच बरा वाटतो. तिथे उजव्या डोळ्यात थर्मल, म्हणजे उष्णतेवरून बनलेलं चित्र, डावा मोकळा, मेंदूने कोणाचं ऐकायचं? त्यात कॅमेरा नाकावर, पायलटच्या डोळ्यांपासून साधारण 3 मीटर पुढे आणि 1 मीटर खाली, म्हणजे जमिनीजवळ अंदाज चुकायला भरपूर वाव. अंधारगुडुप रात्री थर्मल जिंकतं हे मान्य, आणि वेग-उंचीचे आकडे डोळ्यासमोरच, खाली बघायला नको.

बजेट असेल तर पांढऱ्या फॉस्फरवाला, म्हणजे हिरव्याऐवजी पांढरं चित्र दाखवणारा घ्या. हिरवा गॉगल काढल्यावर थोडा वेळ पांढरा कागदही गुलाबी-तपकिरी दिसतो, घाबरू नका, जातं ते.