तैपेईत डंपलिंग खायला कुठे बसावं: नावाजलेल्या ठिकाणी, साखळी दुकानात की गल्लीत?

पुण्याहून कामासाठी कुणी तैवानमधल्या शिंचूला आलं की शेवटच्या दिवशी ठरलेला प्रश्न येतो. "आज संध्याकाळी तैपेईत आहोत, डंपलिंग खायला दिन ताई फुंगलाच जायचं ना?" मी लगेच हो म्हणत नाही. आधी विचारतो, किती जण आहात, विमान किती वाजता आहे आणि कुणी शाकाहारी आहे का. एवढ्यावर बहुतेक निकाल लागतो. चवीचं नंतर बघू, कारण लोक ज्या दुकानांची तुलना करतात तिथे मुळात पदार्थच वेगवेगळे मिळतात.

'डंपलिंग' हा शब्द इथे फार कामाला येत नाही. बांबूच्या टोपलीत उकडलेलं, गोल, आत रस असलेलं ते शियाओलोंगबाओ. उकळत्या पाण्यात शिजवलेलं, छोट्या करंजीसारखं ते श्वेइजाओ. आणि तव्यावर खालून खरपूस केलेलं, लांबट, दोन्ही टोकं उघडी असलेलं ते ग्वोतिए. गल्लीतल्या श्वेइजाओवाल्याकडे शियाओलोंगबाओ मागणं म्हणजे पोळीभाजी केंद्रात मसाला डोसा मागणं. तरीही लोक एकाला दुसऱ्यापेक्षा 'ओव्हररेटेड' ठरवून मोकळे होतात.

दिन ताई फुंग

हे 1958 साली खाद्यतेलाचं दुकान म्हणून सुरू झालं. पुढे तेल डबाबंद मिळू लागलं, सुट्या तेलाचा धंदा बसला, तेव्हा 1972 च्या सुमारास दुकानाच्या एका भागात शियाओलोंगबाओ विकायला घेतले. आज जगभर शाखा आहेत. काचेपलीकडे पांढरे मास्क लावलेली माणसं प्रत्येक गोळा तराजूवर टाकताना दिसतात. पारी 5 ग्रॅम, सारण 16 ग्रॅम, कळ्या 18. माझी आई आली होती तेव्हा त्या काचेसमोरून हलेना. दहा मिनिटांनी मत आलं: "कळ्या सुरेख आहेत, पण नाक काढत नाहीत."

आत रस कसा घालतात, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. घालत नाहीत. डुकराच्या कातडीचा अर्क थंड करून त्याची जेली करतात आणि ती सारणात मिसळतात. वाफेवर ती वितळते आणि पारीत रस होऊन साचते. म्हणून टोपली आली की फोटो काढत बसू नका. आधी वाटीत आल्याच्या बारीक कापांवर एक भाग सोया सॉस आणि तीन भाग व्हिनेगर घाला. शियाओलोंगबाओ वरून अलगद धरून वाटीत बुडवा, चमच्यात ठेवा, पारीला छोटं भोक पाडा, रस चमच्यात येऊ द्या, मग खा. अख्खं तोंडात टाकलं तर पुढचे दोन दिवस वरणभातसुद्धा बेचव लागतो.

दहा नगांची टोपली अडीचशे तैवानी डॉलरच्या आसपास पडते, वर दहा टक्के सेवाशुल्क. एक तैवानी डॉलर अडीच-तीन रुपये धरा. दोघांनी टोपली, फोडणीचा भात, एखादी पालेभाजी आणि सूप घेतलं की हजार डॉलरच्या पुढे जातं. म्हणजे हे स्वस्त नाही, पण तैपेईतल्या बऱ्या हॉटेलांच्या मानाने महागही नाही.

खरी किंमत वेळेची. दारात मशीन नंबर देतं, वर पडद्यावर आकडे पळतात. शनिवार-रविवारी तासभर तरी जातो, तैपेई 101 च्या तळघरातल्या शाखेत त्याहून जास्त. पण ही रांग उभ्याने काढावी लागत नाही. नंबर घेऊन भटकून या. दोंगमेन मेट्रो स्टेशनच्या बाजूच्या शाखेत गेलात तर योंगकांग रस्त्यावर आंब्याचा बर्फ खाण्यात तो तास जातो. इंग्रजी मेन्यू, कार्ड चालतं, लहान मुलाला उंच खुर्ची मिळते, आजोबांना पाठ टेकायला जागा मिळते. साहेबांना किंवा सासू-सासऱ्यांना घेऊन जाणार असाल तर पुढचं वाचायची गरज नाही, इथेच जा.

हांगचौ शियाओलोंग तांगबाओ

पदार्थ तोच, पण रांग आणि तामझाम नको असेल तर दोंगमेनहून चालत जाण्याजोग्या अंतरावर, च्यांग कै-शेक स्मारकाच्या जवळ, हांगचौ दक्षिण रस्त्यावर हे दुकान आहे. तैपेईची मिशेलिन मार्गदर्शिका 2018 साली पहिल्यांदा निघाली. तिच्यात माफक दरातल्या चांगल्या खाण्याची जी बिब गूर्मां यादी असते, तीत याचं नाव आलेलं आहे. चिठ्ठीवर खुणा करायच्या, आलं आणि सॉस स्वतः वाढून घ्यायचा. पारी किंचित जाड, कळ्या थोड्या वेड्यावाकड्या. मला हेच आवडतं. पारीला गव्हाची चव लागते, नुसती रसाची पिशवी वाटत नाही. बिलही हलकं होतं. परक्या माणसांना हे दुकान फारसं कुणी सुचवत नाही, कारण घरी जाऊन सांगायला नाव मोठं नाही.

साखळी दुकानं

बाफांग युंजी. 1998 पासूनची साखळी, तैवानभर हजाराच्या घरात दुकानं, म्हणजे मेट्रोतून बाहेर आलात की एक दिसतंच. सात डॉलरच्या आसपास एक ग्वोतिए. कोबीचं, किमचीचं, करी मसाल्याचं. हो, करी, आणि ते आपल्या जिभेला लगेच ओळखीचं लागतं. दहा मिनिटांत पोट भरतं. एकटे आहात, भूक लागली आहे, रात्री लॅपटॉप उघडायचा आहे, तर हे बरं. खास संध्याकाळ इथे घालवू नका.

गल्लीतलं दुकान

याला नाव देण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येकाच्या घराजवळ वेगळं असतं. ओळख सांगतो. दारातच मोठं पातेलं उकळतंय, बाजूच्या स्टीलच्या टेबलावर दोन-तीन बायका पीठ लावलेल्या हातांनी न बघता श्वेइजाओ मिटताहेत, आत सहा-सात टेबलं, भिंतीवर टीव्ही आणि एका कोपऱ्यात थंड पदार्थांचं कपाट. दुपारी बारा ते एक ऑफिसवाल्यांची झुंबड. टेबल रिकामं होईपर्यंत कुणी थांबत नाही, चौघांच्या टेबलावर दोघे असतील तर तुम्हाला तिथेच बसवतात. आपल्याकडच्या खानावळीत बसता येत असेल तर इथेही जमेल.

आत शिरताच आरोळी येते, "नेई-योंग? वाई-दाई?" इथे खाणार की बांधून नेणार, एवढंच विचारलंय. मग चिठ्ठी आणि पेन्सिल. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी कोबीच्या रकान्यात 2 लिहिलं, दोन प्लेटी असं समजून. मालकीणबाईंनी चिठ्ठी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, पेन्सिल घेतली आणि दोनापुढे एक शून्य काढलं. इथे मोजणी नगावर असते. दहाच्या आत सहसा कुणी मागत नाही, भुकेला माणूस वीस खातो. मीही खाल्ले.

एक नग सहा ते आठ डॉलर. वीस श्वेइजाओ, एक सूप आणि कपाटातली काकडीची किंवा टोफूची वाटी घेतली तरी दोनशे-सव्वादोनशेत उठता. टिप नाही, सेवाशुल्क नाही, कार्डही बहुतेक ठिकाणी नाही. रोख ठेवा. सोया, व्हिनेगर, तिळाचं तेल, वाटलेला लसूण आणि लाल मिरचीचं तेल एका फळीवर मांडलेलं असतं. मी लसूण दोन चमचे घेतो आणि बैठक नसेल तर तीन. आंबट-तिखट सूप छान असतं, पण त्यातले काळपट चौकोनी तुकडे बदकाच्या किंवा डुकराच्या रक्ताचे असू शकतात. चालत नसेल तर सूप टाळा.

हे खाणं एवढं स्वस्त आणि गल्लोगल्ली का, याचं उत्तर थोडं इतिहासात आहे. तैवान मूळचा भात खाणारा. 1949 नंतर चीनच्या मुख्य भूमीवरून सैनिक आणि त्यांची कुटुंबं आली, त्यांतली उत्तरेकडची माणसं गव्हाची होती. त्याच काळात, 1951 ते 1965, अमेरिकी मदतीतून गहू आला आणि सरकारनेही लोकांना पिठाचं खायला लावलं. आपल्याकडे पीएल-480 च्या, म्हणजे अमेरिकेने मदत म्हणून पाठवलेल्या, गव्हाच्या आठवणी अजून निघतात, त्याच सुमाराची ही गोष्ट. फरक एवढाच की आपले लोक त्या गव्हाला नावं ठेवत राहिले आणि यांनी त्याचे श्वेइजाओ केले.

पोटाच्या हिशोबाने मी दहापैकी आठ वेळा याच दुकानात असतो. पण एकाच संध्याकाळीसाठी आलेल्याला ते डोळे मिटून सुचवत नाही. भाषा येत नसेल, बरोबर चौघे-पाचजण असतील आणि त्यांतल्या एकाला सतत "यात काय आहे?" विचारायची सवय असेल, तर संध्याकाळ वाया जाते. दोघेच असाल, चिनी अक्षरं फोनवर वाचता येत असतील, तर बेलाशक जा. शिवाय ही दुकानं लवकर मिटतात. आठनंतर गेलात तर पातेलं धुताना दिसेल. काही रविवारी बंद.

शाकाहारी असाल तर

इथे हिशोब पूर्ण उलटतो. वर सांगितलेल्या सगळ्या ठिकाणी डुकराचं मांस हाच पाया आहे. 'कोबीचं' म्हणजे कोबी आणि डुकराचं, 'पातीचं' म्हणजे पात आणि डुकराचं. दिन ताई फुंगमध्ये मशरूमचे शाकाहारी जाओ मिळतात, शेवटी गोड म्हणून लाल चवळीसारख्या कडधान्याचं पुरण भरलेले बाओही. पण ज्या शियाओलोंगबाओसाठी रांग लावली, तेच तुम्हाला खाता येत नाहीत. तासभर थांबून हे पदरात घ्यायचं का, ते ठरवा.

त्यापेक्षा शाकाहारी दुकान शोधा. तैवानमध्ये बौद्ध परंपरेमुळे ती पुष्कळ आहेत, आणि पाटीवर स्वस्तिक असतं, आपल्यापेक्षा उलट्या दिशेने वळलेलं. "वो छ्र सू" म्हणजे मी शाकाहारी, एवढं पाठ केलंत तरी निभतं. इथल्या पाकिटबंद पदार्थांवर शाकाहाराचे पाच प्रकार छापतात: पूर्ण, अंड्यासह, दुधासह, दोन्हीसह आणि 'वू-शिन' म्हणजे कांदा-लसूण वर्गातल्या पाच उग्र वस्तूंसह. मुंबईतल्या जैन मेन्यूइतकीच ही बारकाई आहे.

आईला मी अशाच एका दुकानात नेलं. तिचा चातुर्मास चालू होता, म्हणून ती घरूनच मेथीचे ठेपले बांधून आली होती. मी "वो छ्र सू" म्हटलं, तर गल्ल्यावरच्या बाईंनी आईकडे बोट करून विचारलं, "वू-शिन?" मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी चिठ्ठीवरची एक ओळ खोडली, दुसरीवर खूण केली आणि सॉसच्या फळीवरची लसणाची वाटी उचलून आत नेली. आईने पंधरा खाल्ले. ठेपले तिने परतीच्या विमानात काढले.