पैठणीच्या मागासमोर रॉ व्हिडिओ : भाड्याच्या मिररलेस कॅमेऱ्याचा अनुभव

छत्रपती संभाजीनगरातील एका दुकानातून भाड्याने आणलेला फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) मिररलेस कॅमेरा मी पैठणला एका मागासमोर दोन दिवस रॉ व्हिडिओसाठी, म्हणजे कॅमेऱ्याने फारशी प्रक्रिया न केलेल्या चित्रीकरणासाठी, वापरला. पहिल्या संध्याकाळी चित्र संगणकावर पाहिले, तेव्हा सावल्यांत दाणेच दाणे होते आणि धागे मऊ दिसत होते. सेन्सर खराब आहे, असे वाटून मी दुकानदाराला फोन करणारच होतो.

चूक माझी होती. अंधाऱ्या खोलीत चित्रीकरण करून उजेड मी संपादनात वाढवला, तेव्हा दाणेही वाढले. शिवाय रॉमध्ये धार वाढवण्याचे आणि नॉइज (दाणे) काढण्याचे काम बहुतांशी आपल्यालाच करावे लागते. दुसऱ्या दिवशी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) त्या कॅमेऱ्याच्या 800 या मूळ पातळीवर ठेवून, झेब्रा (अति उजळ भागावर दिसणारे पट्टे) पाहत, जरीची चमक जळून पांढरी होणार नाही इतपत लेन्सचे छिद्र उघडले, आणि सावल्या स्वच्छ आल्या.

फोकसचे दुखणे वेगळे होते. पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगाने दाखवणारी सोय) लावताच जरीचा प्रत्येक धागा लाल होतो, त्यामुळे धोटा नेमका कुठे स्पष्ट आहे हे कळत नाही. पीकिंगची संवेदनशीलता उतरवून आणि चित्र मोठे करून पाहिल्यावरच खात्री पटते. लेन्सची फोकसची कडी इलेक्ट्रॉनिक असल्याने वेगाने फिरवली की फोकस जास्त सरकतो. मेनूत ‘लिनियर’ (कडी जितकी फिरेल तितकाच फोकस सरकेल असा) पर्याय सापडल्यावर हात बसला. बारीक विणीमुळे चित्रात धाग्यांवर इंद्रधनुषी लाटा उमटल्या, तेव्हा विणकर मावशी म्हणाल्या, "असला रंग आमच्या पदरात न्हाई." कॅमेरा थोडा मागे घेताच लाटा गेल्या.

कॅमेरा उत्तमच आहे. दुकानदाराने दिलेले एकुलते एक मेमरी कार्ड मात्र रॉसाठी फारच तोकडे होते.