जुनी स्की-बोट: इंजिन मधोमध असलेली घ्यावी की मागे असलेली?

टेक्सासातल्या डॅलसच्या उत्तरेला लुईसव्हिल किंवा रे रॉबर्ट्स तलावावर चालवायला, पाण्यावर स्की करणाऱ्याला ओढणारी वापरलेली बोट बघत असाल, तर एकाच कंपनीच्या दोन बोटी समोर ठेवून बोलू: स्की नॉटिक १९६ आणि सुपर एअर नॉटिक २१०, दोन्ही साधारण २००५ ते २००८ मधल्या. दोन्हींत बहुतेक वेळा जनरल मोटर्सच्या ५.७ लिटर व्ही-८ वर बेतलेलं, बोटींची इंजिनं बनवणाऱ्या पीसीएम कंपनीचं इंजिन असतं. म्हणजे इंजिन तेच, फरक ते कुठे बसवलंय याचा. आणि बिघाड शोधताना खरा घोळ तिथेच होतो.

१९६ डायरेक्ट ड्राइव्ह आहे. इंजिन बोटीच्या मधोमध, खोक्याखाली. झाकण उघडलं की चारही बाजूंनी हात पोचतो. लाट जितकी कमी तितकी स्की चांगली, म्हणून बॅलास्टच्या (वजनासाठी पाणी भरायच्या) टाक्या नाहीत. २१० व्ही-ड्राइव्ह आहे: इंजिन मागच्या टोकाला, उलटं फिरवून बसवलेलं, प्रोपेलरचा शाफ्ट त्याच्याच खालून मागे जातो. वेकबोर्डसाठी (एकाच फळीवर उभं राहून बोटीच्या लाटेवर खेळायला) मोठी लाट हवी, म्हणून पाण्याच्या टाक्या. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे टाक्या भरल्या की बोट चांगलीच खाली बसते. पण पट्टे आणि पाण्याचा पंप थेट मागच्या भिंतीकडे तोंड करून, शेजारी टाकीचे पाइप. पंपातला रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) दर हंगामात बदलायचा असतो. १९६ वर ते सहज होतं, २१० वर अंग मुडपून.

विकणारा अंगणात बागेचा पाइप लावून इंजिन सुरू करून दाखवेल. तेवढ्यावर भुलू नका. नळाचं पाणी दाबाने येतं, इंजिनाला ते ओढावं लागत नाही. ओढणारा पाइप आतून चपटा झालेला असो वा कुठे हवा घेत असो, अंगणात तापमानाचा काटा नीट राहतो आणि तलावावर चढतो. म्हणून पाण्यातच चालवा. हळू चालवताना ठीक, वेगात गरम, तर आधी जाळी, इम्पेलर आणि तो पाइप बघा. इम्पेलरची पाती तुटलेली निघाली, तर तुकडे पाण्याच्या वाटेत कुठेतरी अडकलेले असू शकतात. नुसता नवा इम्पेलर घालून भागत नाही.

आणखी एक प्रश्न जरूर विचारा: फेब्रुवारी २०२१ च्या हिमलाटेत बोट कुठे होती, आणि इंजिनाच्या ब्लॉकमधलं पाणी काढलं होतं का? तलावाचंच पाणी इंजिनातून फिरतं. ते आत गोठलं की ब्लॉक किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकतो. तेलाची काडी काढल्यावर तेल दुधाळ दिसलं, तर किंमत कितीही उतरवली तरी निघून या. सिलिंडर-सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये (आतल्या दाबात) १५ टक्क्यांहून जास्त फरक दिसला, तरीही तेच.

बॅलास्टचं मात्र एवढं मनावर घेऊ नये. पंपाचा आवाज नाही, तर फ्यूज, स्विच, वायर. आवाज आहे पण पाणी नाही, आणि पंप साधा एअरेटर प्रकारचा (पाणी नुसतं ढकलणारा, स्वतः ओढून न घेणारा), तर बहुधा आत हवा अडकलीय. बोट हळू पुढे किंवा क्षणभर मागे नेली की पुष्कळदा सुटते. बंद करूनही टाकी आपोआप भरते किंवा रिकामी होते, तो सायफन; एअरेटर पंप बंद असताना पाणी अडवत नाही. रबरी इम्पेलरचा उलटसुलट फिरणारा पंप पाणी अडवतो, स्वतः ओढूनही घेतो, पण कोरडा चालवला की पाती जळतात. हे सगळं दुरुस्त होतं, काहीशे डॉलरमध्ये.

अडचण अशी की २१० वर ही दुखणी वेगळी राहत नाहीत. टाकीचा पाइप गळला की पाणी इंजिनखालीच साठतं, आणि पट्टा ते उडवतो. दोन-तीन पंप आणि स्टिरिओ एकदम चालले की व्होल्टेज पडतं, फ्यूएल इंजेक्शनचं इंजिन अडखळतं आणि मालक इंजिनाच्या इंधन पंपाला दोष देतो. तेव्हा आधी टाक्या रिकाम्या, पंप बंद ठेवून इंजिन तापू द्या. बंद करून वीस मिनिटांनी परत सुरू करा. गरम असतानाच सुरू होत नसेल, तर इंधनाचा दाब आणि स्पार्क दोन्ही मोजा. मगच बॅलास्टचे पंप एकेक करून लावा, व्होल्टमीटरवर नजर ठेवून.

घरात कुणी खरोखर स्लॅलम (एकाच स्कीवर वळणं घेत जाणं) करणारं असेल तर माझं मत सरळ १९६. मुलांना वेकबोर्डच हवा असेल तर २१० घ्या, पण १९६ वर पाण्याच्या पिशव्या टाकून काम भागवायला जाऊ नका. बोट जड होते, लाट मात्र तशी बनत नाही.

चाचणी झाली की टाक्या तलावावरच रिकाम्या करायला सांगा. झेब्रा शिंपल्यांमुळे टेक्सासात २०१४ पासून तलाव सोडताना बोटीतलं सगळं पाणी काढणं बंधनकारक आहे, आणि उपसणारे पंप चालतात का हेही त्याच वेळी समजतं.