इमा कैथेल, इम्फाळ : स्त्रियांनी चालवलेला बाजार

मणिपूरची राजधानी इम्फाळला जाणाऱ्याने कांगला किल्ला पाहून झाल्यावर चालतच ख्वाइरमबंदला जावे. तेथील इमा कैथेल, म्हणजे आयांचा बाजार, पूर्णपणे स्त्रियांच्या हाती आहे. छपराखाली सिमेंटच्या ओट्यांवर फनेक (लुंगीसारखे मणिपुरी वस्त्र) नेसलेल्या विक्रेत्या दाटीने बसतात. कित्येकींच्या नाकापासून कपाळापर्यंत चंदनाचे गंध असते. मोइरांग फी हे हातमागाचे वस्त्र, चाकहाओ हा काळा तांदूळ आणि उमोरोक ही जहाल मिरची येथून अवश्य घ्यावी. न्गारी या आंबवलेल्या मासळीचा वास मात्र सुक्या मासळीवर वाढलेल्या कोकणी माणसालाही उग्र वाटेल.

या बाजाराचे खरे मोल मला त्याच्या व्यवस्थेत दिसते. ओट्यावरचा हक्क बहुधा आईकडून लेकीकडे किंवा सुनेकडे जातो आणि मालासाठी पैसे हवे असल्यास स्त्रियांची संघटना उधारीची सोय करते. स्वतःची कमाई आणि रोजचा सहवास असल्यामुळेच या स्त्रिया संकटात एकत्र येऊ शकल्या. १२ डिसेंबर १९३९ रोजी, तांदूळ बाहेर पाठवल्यामुळे टंचाई झाली असताना, त्यांनी ब्रिटिश अधिकाऱ्याला घेराव घातला. पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस दारूविरोधात सुरू झालेल्या चळवळीतून मैरा पायबी, म्हणजे मशालधारी स्त्रियांचे गट, उभ्या राहिल्या. रात्री मशाली घेऊन त्या गस्त घालत आणि गल्लीत धरपकड होऊ लागली की विजेच्या खांबावर दगड आपटून सगळ्यांना गोळा करत. जुलै २००४ मध्ये आसाम रायफल्स या निमलष्करी दलाने घरातून पकडून नेलेल्या थांगजम मनोरमा या तरुणीच्या हत्येनंतर बारा स्त्रियांनी कांगलाच्या दारात विवस्त्र होऊन निषेध केला आणि त्याच वर्षी आसाम रायफल्सने तो किल्ला सोडला.

हे सारे मनापासून गौरवताना एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. मे २०२३ पासून खोऱ्यातले मैतेई आणि डोंगरातले कुकी या समाजांत पेटलेल्या संघर्षात हीच संघटनशक्ती मैतेईंच्या बाजूला झुकली. जूनमध्ये इथाम गावात स्त्रियांच्या पुढाकाराखालील मोठ्या जमावाने वेढा दिल्यामुळे सैन्याला पकडलेले १२ सशस्त्र मैतेई बंडखोर सोडून द्यावे लागले. स्त्रिया पुढे आल्या की हिंसा आपोआप ओसरते, असे मानणाऱ्या प्रत्येक धोरणकर्त्याने ही घटना अभ्यासावी. शांतता राखण्याचे बळ बाजारात तेव्हाच येते, जेव्हा डोंगरातून भाजी घेऊन आलेली बाई आणि खोऱ्यातली बाई शेजारी बसतात आणि एकमेकींच्या घरची खबर ठेवतात. आज कुकी स्त्रियांना इम्फाळला येणेच अशक्य झाले आहे, आणि बाजाराची ही उणीव मला सर्वांत मोठी वाटते.

तरीही मी येथे जाण्याची शिफारस निःसंकोच करेन. सकाळी लवकर जावे, विचारल्याशिवाय छायाचित्र काढू नये आणि बंद किंवा संचारबंदी नाही ना, याची आदल्या दिवशी स्थानिकांकडे चौकशी करून घ्यावी.