नसबंदी: त्याची की तिची?

शस्त्रक्रियेच्या दृष्टीने पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी सरळ सोपी. जागा बधिर करून एका बारीक छिद्रातून दोन्ही शुक्रवाहिन्या कापून बांधतात. पंधरा-वीस मिनिटांत काम होते आणि त्याच दिवशी घरी जाता येते. स्त्रीची बीजनलिका मात्र पोटात असल्याने पोट उघडावे लागते किंवा दुर्बीण घालावी लागते. बाळंतपणानंतर सात दिवसांत छोट्या छेदाची शस्त्रक्रिया करतात, नाहीतर सहा आठवडे थांबतात.

पुरुषांची फसगत होते ती पुढे. नलिकेत उरलेले शुक्रजंतू लगेच संपत नाहीत, म्हणून तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्यतपासणी. ती टाळली की दिवस जातात आणि संशय बायकोवर!

तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित जोडप्यांपैकी स्त्री नसबंदीवाली ३७.९ टक्के, पुरुष नसबंदीवाली ०.३. आणीबाणीतल्या सक्तीची धास्ती आहेच, शिवाय ‘अशक्तपणा येतो’ हा गैरसमज. संप्रेरके तीच राहतात, ताकद कुठे जाणार?

पुण्यात ससूनमध्ये किंवा महापालिकेच्या दवाखान्यात चौकशी करा. सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया मोफत असते. जोडीदाराची सही नियमाने लागत नाही. पुन्हा मूल हवेसे वाटण्याची शक्यता असेल, तर दोन्ही सोडून तांबी बसवा.